दोघांचे टेबल

आमच्या मधुचंद्राच्या क्रूझचा अर्ज नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या ट्रॅव्हल एजंटने आमच्यासमोरच भरला. त्यात जेवणाच्या टेबलासाठी एक स्वतंत्र रकाना होता आणि त्यापुढे दोन, चार, सहा, आठ, दहा असे आकडे होते. आम्ही दोघे पासपोर्टच्या छायाप्रती जुळवण्यात गुंतलेलो असताना त्यांनी आठ हा आकडा निवडून टाकला. मी विचारले तेव्हा त्यांनी अत्यंत आपुलकीने उत्तर दिले, "मॅडम, तुमच्यासोबत अजून तीन कपल आहेत, सगळी आपलीच मराठी माणसं. एका टेबलावर बसलात की परदेशात आल्यासारखं वाटणारच नाही."

परदेशात आल्यासारखे वाटावे म्हणूनच आम्ही पैसे भरत होतो, हे मला तेव्हा सुचले नाही. ते रिक्षात बसल्यावर सुचले. नवऱ्याला (तेव्हा तो नवरा झालेला नव्हता, तुळशीचे लग्न उरकल्यावर आमची तारीख होती) मी अशोक स्तंभापर्यंत काहीच बोलले नाही आणि मग एकदम म्हणाले, "आपण अजून एकदाही दोघंच जेवलो नाही, तुझ्या लक्षात आलंय का?" त्याने मनातल्या मनात हिशेब केला आणि मान डोलावली. साखरपुडा झाल्यापासून आम्ही मिसळ खायला गेलो तरी सोबत माझा चुलतभाऊ असे, आणि त्याच्या पंचवटीतल्या घरी मला बोलावले जाई तेव्हा अकरा माणसांची पंगत असे. लग्नातही आम्ही एकमेकांना घास भरवला तो सत्तर-ऐंशी माणसांच्या देखत, छायाचित्रकाराच्या सूचनेनुसार, तीन वेळा. तेव्हा जहाजावर चार रात्री आपण दोघांनी एका छोट्या टेबलावर बसून जेवावे, ही माझी इच्छा काही फार चैनीची नव्हती, असे मला आजही वाटते.

ती पुरी करून घेण्यासाठी मात्र मला जहाजावरच्या भोजनगृहाचा बराच अभ्यास करावा लागला. मोठ्या क्रूझ जहाजाच्या मुख्य भोजनगृहात साधारणपणे दोन पद्धती चालतात. एक ठरलेल्या वेळेची: संध्याकाळी सहाच्या सुमारास पहिली पंगत आणि सव्वाआठ-साडेआठच्या सुमारास दुसरी, रोज तेच टेबल, तेच वाढपी आणि टेबलावर तीच माणसे. दुसरी सवडीची: भोजनगृह उघडे असेल त्या वेळात केव्हाही जावे, दाराशी नाव सांगावे आणि मिळेल त्या टेबलावर बसावे. ही दुसरी पद्धत तुलनेने अलीकडची आहे. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० मध्ये 'फ्रीस्टाइल' या नावाने तिचा गाजावाजा केला आणि त्यानंतर इतर कंपन्यांनीही आपापल्या नावांनी ती आणली. सवडीच्या पद्धतीत दोघांचे टेबल मिळणे त्यातल्या त्यात सोपे असते, कारण भोजनगृह उघडल्या उघडल्या किंवा गर्दी ओसरल्यावर गेले की झाले. आमच्या एजंटने मात्र संपूर्ण गटासाठी दुसरी पंगत पक्की केली होती.

यामागे त्यांचा एक विचार होता, आणि तो बरोबर होता, हे कबूल केले पाहिजे. आमचे जहाज सिंगापूरहून सुटणार होते आणि तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. तिथल्या सहाच्या पंगतीला बसायचे म्हणजे नाशिकच्या पोटाने दुपारी साडेतीन वाजता रात्रीचे जेवण जेवायचे. सव्वाआठ म्हणजे आपले पावणेसहा. तेही भजी-चहाचीच वेळ, परंतु निदान दुपारची झोप तरी होऊन गेलेली असते.

जहाजावर दोघांची टेबले कमी का असतात, हा प्रश्न मला छळत होता आणि त्याचे उत्तर नवऱ्याने दिले. तो अंबडच्या औद्योगिक वसाहतीत उत्पादन विभागात काम करतो, त्यामुळे जागेचा हिशेब हा त्याच्या आवडीचा विषय. त्याने कागदावर आठजणांचे एक गोल टेबल काढले आणि शेजारी दोघांची चार टेबले काढली. माणसे तितकीच, परंतु प्रत्येक टेबलाभोवती वाढप्याला फिरायला वाट सोडली की चार टेबलांना कितीतरी जास्त जागा लागते. दोन हजार माणसांना दोन पंगतींत जेवू घालायचे तर एका वेळी हजार खुर्च्या बसवाव्या लागतात, आणि जहाजाला अंगण वाढवता येत नाही. शिवाय जहाजावर एकत्र जेवण्याची रीतही फार जुनी आहे. पूर्वीच्या प्रवासी जहाजांवर लांबच लांब टेबले असत आणि फिरत्या खुर्च्या जमिनीला बोल्टने जखडलेल्या असत, म्हणजे वादळात जेवणारा माणूस ताटासकट घसरू नये. तिकिटातले जेवण बाजूला ठेवून, वेगळे पैसे मोजून, आपल्या वेळेला आपल्या टेबलावर बसून जेवण्याची सोय समुद्रावर प्रथम १९०५ मध्ये हॅम्बर्ग-अमेरिका लाइनच्या 'अमेरिका' या जहाजावर झाली आणि त्या उपाहारगृहाला रिट्झ-कार्ल्टनचे नाव होते. बोल्टची माहिती नवऱ्याला इतकी आवडली की त्याने ती माझ्या सासऱ्यांना दोनदा सांगितली.

आता विनंती कशी करायची, हा खरा प्रश्न होता. पहिली चूक मी केली. एजंटला मी व्हॉट्सॲपवर लिहिले की आम्हाला जेवणासाठी 'प्रायव्हेट टेबल' हवे आहे. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून एक दरपत्रक आले आणि त्यातला आकडा पाहून माझ्या आईने चष्मा पुसला. जहाजाच्या भाषेत खासगी जेवण आणि दोघांचे टेबल या दोन पूर्णपणे निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी कळले. खासगी जेवण म्हणजे आपल्या केबिनच्या बाल्कनीत किंवा एखाद्या राखीव कोपऱ्यात पांढरे कापड अंथरून, फुले ठेवून, स्वतंत्र वाढप्याने वाढलेले जेवण. त्याचे वेगळे पैसे पडतात आणि ते एका रात्रीपुरते असते. दोघांचे टेबल म्हणजे मुख्य भोजनगृहातच, तिकिटात आधीच समाविष्ट असलेले जेवण, फक्त टेबलाला दोनच खुर्च्या. त्याचे वेगळे पैसे नसतात आणि म्हणूनच त्याची हमीही नसते. आमच्या केबिनला बाल्कनी नव्हती, एक गोल खिडकी होती, त्यामुळे तो प्रश्न तिथेच मिटला.

दुसरा पर्याय पैसे देऊन जेवण्याच्या खास उपाहारगृहांचा होता. तिथे दोघांची टेबले बरीच असतात आणि पहिल्या रात्री गर्दी कमी असल्याने अनेकदा सवलतही मिळते. परंतु आम्ही दोघेही शाकाहारी, आणि यातल्या निम्म्या ठिकाणांची ख्याती मांसाच्या जाड तुकड्यांसाठी असते. तिथे जाऊन माणशी ठरावीक रक्कम मोजायची आणि उकडलेला बटाटा खाऊन यायचे, हे माझ्या सासूबाईंना कळले असते तर त्यांनी मला सून म्हणून पसंत केल्याचा फेरविचार केला असता. शाकाहारी माणसाने वेगळे पैसे भरायचेच असतील तर इटालियन उपाहारगृहात भरावेत. बाकीच्यांचा नाद सोडावा.

तिसरी गोष्ट अशी की गटाचे आरक्षण असले की सगळ्यांचे क्रमांक एकमेकांना जोडलेले असतात, म्हणजे संगणक त्या आठजणांना आपोआप एका टेबलावर बसवतो. नुसती दोघांच्या टेबलाची विनंती केली आणि ही जोडणी तशीच राहिली तर विनंती हरते. हे मला एजंटच्या कार्यालयात बसणाऱ्या एका तरुणीने सांगितले, तेही एजंटकाका चहा प्यायला खाली गेले असताना. तिने आवाज खाली करून म्हटले, "ताई, जेवणाचं लिंकिंग काढायला सांगा, बाकीचं राहू दे." त्या एका वाक्याचे मोल मला बाकी सगळ्या माहितीपेक्षा जास्त वाटते.

मग आम्ही रीतसर इंग्रजीत मेल लिहिला. नवऱ्याचा पहिला मसुदा रजेच्या अर्जासारखा होता. त्यात 'सविनय' चा इंग्रजी अवतार दोनदा आला होता आणि मूळ मागणी सातव्या ओळीत होती. मी तो खोडला. शेवटी जो मेल गेला त्यात पाचच गोष्टी होत्या. आरक्षण क्रमांक आणि पासपोर्टप्रमाणे दोघांची नावे, कारण तिकीट लग्नाआधी काढलेले असल्याने आमची आडनावे वेगवेगळी होती आणि आम्ही दोघे एकच कुटुंब आहोत हे आडनावांवरून कुणाला कळणार नव्हते. दुसऱ्या पंगतीत, मुख्य भोजनगृहात, दुसऱ्या कुणाबरोबर वाटून न घेता, दोघांचे टेबल हवे. गटाशी असलेली जेवणाची जोडणी काढावी. दोघेही शाकाहारी, अंडेही चालत नाही. आणि हा आमचा मधुचंद्र आहे. अंड्याचा उल्लेख स्वतंत्रपणे करणे फार आवश्यक आहे, कारण जगातल्या पुष्कळ स्वयंपाकघरांत शाकाहारी म्हणजे अंडे चालणारा असेच धरले जाते. मधुचंद्राचा उल्लेख मात्र करावा की नाही याविषयी माझे मत आता बदलले आहे, ते पुढे येईलच.

तीन दिवसांनी उत्तर आले. विनंतीची नोंद घेतली आहे, उपलब्धतेनुसार विचार होईल, हमी देता येत नाही. नवरा म्हणाला, "हे आमच्या एचआरचंच उत्तर आहे." विनंती पाठवली म्हणजे टेबल मिळाले असे समजून निर्धास्त झालेल्या माणसाची पुढे निराशा होते. आरक्षणावर पडलेली ती नोंद म्हणजे पुढच्या बोलण्याला एक कागदी आधार, इतकेच तिचे महत्त्व आहे. खरे वाटप जहाजावर होते आणि ते पहिल्या दुपारी होते.

आम्ही जानेवारीत निघालो. पहाटे नाशिकहून गाडीने कसारा घाट उतरून मुंबई, तिथून विमानाने साधारण साडेपाच तासांत सिंगापूर, एक रात्र हॉटेलात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मरिना बेच्या क्रूझ सेंटरवर रांगेत. केबिनचे कार्ड हातात पडले तेव्हा त्यावर टेबलाचा क्रमांक छापलेला होता. तो क्रमांक कितीजणांच्या टेबलाचा, हे कार्डावरून समजत नाही. परंतु आमच्या गटातल्या सिन्नरच्या जोडप्याच्या कार्डावरही तोच क्रमांक पाहिल्यावर समजण्यासारखे काही उरले नाही.

बहुतेक प्रवासी जहाजावर चढल्याबरोबर वरच्या मजल्यावरच्या बुफेकडे धावतात. आम्ही सामानही न ठेवता मुख्य भोजनगृहाकडे गेलो. तिथे पहिल्या दुपारी भोजनगृहाचे प्रमुख, ज्यांना जहाजावर 'मेटर डी' म्हणतात, एका मेजाशी आराखडा घेऊन बसलेले असतात आणि टेबल बदलून हवे असणाऱ्यांचे ऐकतात. आमच्यापुढे चारजण होते. ते गृहस्थ फिलिपिन्सचे होते, मितभाषी होते आणि त्यांच्या आराखड्यावर पेन्सिलीच्या इतक्या खुणा होत्या की तो पाहून मला सिंहस्थातल्या पोलीस बंदोबस्ताच्या नकाशाची आठवण झाली. त्यांनी आमचा मेल पाहिला, नोंद पाहिली आणि सांगितले की आज सगळी दोघांची टेबले भरलेली आहेत, परंतु पहिल्या रात्री काही प्रवासी येतच नाहीत किंवा पंगत बदलतात, त्यामुळे उद्या सकाळपर्यंत थांबावे. नवऱ्याने "थँक यू" म्हणून वळायला सुरुवात केली. मी तिथेच उभी राहून त्यांना विचारले की आमचे नाव प्रतीक्षा यादीत कितवे आहे. ते पहिल्यांदाच हसले आणि म्हणाले, तिसरे. आणि मग पेन्सिलीने ते लिहिले. माझी खात्री आहे की त्याआधी ते लिहिलेले नव्हते.

पहिल्या रात्री आम्ही आठांच्या टेबलावर बसलो. सिन्नरचे जोडपे, जळगावचे जोडपे, आणि पुण्याचे एक जोडपे ज्यांनी आल्याआल्या वातानुकूलनाबद्दल तक्रार केली. माणसे चांगली होती. परंतु आठजणांच्या टेबलावर वाढपी पुढचा पदार्थ सगळ्यांचे आटोपल्याशिवाय आणत नाही, त्यामुळे चार पदार्थांच्या जेवणाला पावणेदोन तास लागले, आणि त्या वेळात कुणाच्या मंगल कार्यालयाला किती खर्च आला याची तुलनात्मक चर्चा दोनदा झाली. आमच्या सहायक वाढप्याचे गाव मडगाव होते. त्याला आमचे सगळे बोलणे कळत होते, हे आम्हाला स्वीट डिश आल्यावर कळले.

दुसऱ्या दिवशी पेनांगला उतरण्यापूर्वी केबिनच्या दारात एक चिठ्ठी अडकवलेली होती. नवा टेबल क्रमांक.

त्या टेबलाविषयी काही भ्रम असतील तर ते दूर करणे मला आवश्यक वाटते. दोघांचे टेबल म्हणजे खिडकीशी मेणबत्ती लावलेले एकाकी टेबल नव्हे. ती टेबले भिंतीच्या कडेने ओळीत मांडलेली असतात आणि दोन टेबलांमधले अंतर आमच्याकडे जेमतेम एक वीत होते. आमच्या डावीकडे एक वृद्ध ऑस्ट्रेलियन दांपत्य बसे आणि आजींनी काय मागवले आहे हे मला मान न वळवता दिसे. परंतु त्या वीतभर अंतराला विलक्षण मान असतो. कुणी तुमच्याशी बोलत नाही आणि तुमच्यासाठी कुणी थांबत नाही.

आणि तिथेच मला माझ्या नवऱ्याचे जेवण प्रथम दिसले. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये अर्ध्या तासाची सुटी, त्यातली दहा मिनिटे रांगेत जातात, म्हणून तो इतका भराभर जेवतो की माझा चमचा दुसऱ्यांदा वाटीत जाईपर्यंत त्याचे सूप संपलेले होते. अकराजणांच्या पंगतीत हे कधी कुणाच्या लक्षात आले नव्हते, कारण तिथे भराभर जेवणाऱ्याला लगेच पुढची पोळी वाढली जाते. इथे वाढपी माझे संपण्याची वाट पाहत होता आणि नवरा हात मांडीवर ठेवून, बसच्या थांब्यावर बसावे तसा बसून होता.

दुसरी गोष्ट चित्राहुतीची. आठांच्या टेबलावर त्याने ती घातलीच नव्हती, हे मला तेव्हा जाणवले नव्हते. दोघांच्या टेबलावर भात समोर आल्यावर त्याने क्षणभर इकडेतिकडे पाहिले, तळहातावर थोडे पाणी घेतले आणि बशीभोवती फिरवून बाजूला चार शिते ठेवली. पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर ओला गोल उमटला. मडगावचा वाढपी आता आमच्याकडे नव्हता. नवा वाढपी इंडोनेशियाचा होता, त्याला वाटले पेला सांडला. त्याने धावत येऊन नॅपकिन अंथरला आणि ती शिते अदबीने टिपून नेली. तिसऱ्या रात्रीपासून त्याने स्वतःहून बशीखाली एक जादा नॅपकिन घालायला सुरुवात केली. त्याने काही विचारले नाही आणि आम्हीही काही सांगितले नाही.

जेवण उत्तम होते, एवढे पुरे. शाकाहारी प्रवाशांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाची यादी आदल्या रात्रीच दाखवतात आणि तेव्हाच सांगून ठेवले की वरण-भातासारखा काहीतरी प्रकार मिळतो.

आता मधुचंद्राच्या उल्लेखाविषयी. तिसऱ्या रात्री, फुकेत मागे पडल्यावर, अचानक दिवे मंद झाले आणि सहा वाढपी टाळ्या वाजवत, गात, एक केक घेऊन आमच्या टेबलाकडे आले. शांत कोपरा मागताना मीच लिहिलेल्या एका ओळीचे हे फळ होते. संपूर्ण भोजनगृह आमच्याकडे पाहू लागले, ऑस्ट्रेलियन आजींनी टाळ्या वाजवल्या, आणि पलीकडच्या आठांच्या टेबलावरून, जिथे आता सहाच जण होते, सिन्नरच्या वहिनी उठून आल्या आणि त्यांनी जे म्हणायचे तेच म्हटले, "नाव घ्या, नाव घेतल्याशिवाय केक कापायचा नाही!" मी उभी राहिले आणि जे सुचले ते म्हटले: "आठजणांच्या टेबलाला दुरूनच नमस्कार, ...रावांचं नाव घेते, सूप होतंय गार." वहिनी इतक्या हसल्या की त्यांना माझा मुद्दा लागला की नाही, हे मला आजतागायत कळलेले नाही. केकमध्ये अंडे होते. तो आम्ही आठांच्या टेबलाकडे पाठवून दिला आणि पुणेकरांनी तो संपवला. ज्यांना गाणी नको असतील त्यांनी मेलमध्ये मधुचंद्र लिहावे, परंतु त्यापुढे 'कृपया समारंभ नको' हेही लिहावे.

चौथ्या रात्री, सिंगापूरकडे परतताना, जेवणाआधीच सगळ्यांनी बॅगा भरायला घेतल्या होत्या, कारण त्या रात्रीच केबिनबाहेर ठेवायच्या होत्या. भोजनगृह अर्धे रिकामे होते. आम्ही आमच्या टेबलावर बसलो, जादा नॅपकिन आधीच घातलेला होता, सूप आले. नवऱ्याने एक चमचा घेतला, माझ्याकडे पाहिले आणि चमचा खाली ठेवला. मग माझा चमचा वाटीत गेल्यावर त्याने दुसरा घेतला. ते सूप संपवायला त्याला अकरा मिनिटे लागली. मी घड्याळ पाहिले होते.